केळुसकर सरांनी हात वर केला

देवबागच्या वाटेवर, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीत एक माध्यमिक शाळा आहे. त्या शाळेत अजय केळुसकर सर मराठी आणि इतिहास शिकवतात. शिकवतात चांगलं, यात वाद नाही. कविता म्हणायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा खिडकीबाहेरच्या होड्या बघायचं विसरतात. त्यांची अडचण एकच होती. 'मला माहीत नाही' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तारकर्लीच्या तिठ्यावर एखादा पर्यटक गाडीची काच खाली करून कसल्यातरी धबधब्याचा रस्ता विचारी. त्या नावाचा धबधबा सरांनी जन्मात ऐकलेला नसे. तरी ते सांगत, सरळ जा, पिंपळ लागला की डावीकडे. पुढे त्या गाडीचं काय होई ते सरांना कळत नसे, आणि त्यामुळे आपण सांगितलेलं चुकीचं होतं हेही त्यांना कधी कळलं नाही. त्यांच्या पत्नी सुभद्राताई घरालगत पाहुण्यांसाठी खोल्या चालवत. त्यांनी पाहुण्यांना हळूच सांगून ठेवलं होतं की रस्ता विचारायचा झाला तर मला विचारा.

तर अशा या सरांना कणकवलीला एका प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. विषय होता, वर्गात एआय चॅटबॉटचा वापर. सोबत शाळेतल्या विज्ञानाच्या रहमतबी सोलकर मॅडमही होत्या. मॅडम अबोल बाई. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या गजाली रंगलेल्या असत तेव्हा त्या कोपऱ्यात वह्या तपासत बसायच्या आणि मध्येच एखादं वाक्य असं टाकायच्या की बोलणारा आपण काय बोलत होतो ते विसरून जायचा.

कणकवलीच्या सभागृहात जिल्हाभरचे शिक्षक जमले होते. सकाळचं सत्र संपून पुरीभाजी झाली, आणि दुपारी पंख्याखाली सगळ्यांच्या माना पुढे झुकायला लागल्या. जेवताना बरीच चर्चा झाली होती. एकजण म्हणत होते, हे यंत्र आता आमच्या नोकऱ्या खाणार. दुसऱ्यांना निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे नोकऱ्या खाल्ल्या तर खाऊ देत, असं त्यांचं मत पडलं. दोडामार्गाकडच्या एका बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आमच्या गावात रेंजच नाही, त्यामुळे आम्हाला कसलीच भीती नाही. केळुसकर सरांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिघांनाही 'अगदी बरोबर' म्हटलं.

प्रशिक्षण देणारा अधिकारी विनीत राऊळ हा तरुण, उत्साही मुलगा. समोरच्या झुकलेल्या माना बघून त्याने माईक हातात घेतला आणि विचारलं, "वर्गात चॅटबॉट वापरण्याचा आत्मविश्वास कुणाकुणाला आहे? हात वर करा."

 कुणी चष्मा पुसायला लागलं, कुणी चप्पल शोधायला. पुढच्या रांगेत वेंगुर्ल्याचे एक शिक्षक होते. बी.एड.ला ते केळुसकर सरांच्याच वर्गात होते आणि गुणांत थोडेसे पुढे. आता कोण हात वर करतंय ते बघायला ते मागे वळले आणि त्यांची नजर नेमकी सरांवर पडली. ते हसले. साधंच हसले असतील. पण सरांचा हात वर गेला.

बाजूला बसलेल्या सोलकर मॅडमचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते. त्यांनी सरांच्या हाताकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं आणि मग त्या समोर बघू लागल्या.

अख्ख्या सभागृहात तो एकच हात होता. विनीतला इतका आनंद झाला की त्याने टाळ्या वाजवायला लावल्या. मग त्याने जाहीर केलं की मालवण तालुक्याची पुढची कार्यशाळा सरांच्याच शाळेत होईल आणि सर सगळ्या शिक्षकांसमोर चॅटबॉट वापरून प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवतील. "चालेल ना, सर?" त्याने विचारलं. सरांनी मान डोलावली. 'चालेल ना' म्हटल्यावर मान डोलावायची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती की ती थांबवेपर्यंत डोलावून झाली होती.

परतीच्या एस्टीत मॅडमनी सहज विचारलं, की सर हे कधीपासून वापरतात. सर म्हणाले, झाले की बरेच दिवस. मॅडमनी विचारलं, कुठला वापरता. सर म्हणाले, सगळेच, गरजेप्रमाणे. मग कसालचा थांबा आला आणि सर त्या थांब्याकडे असं निरखून बघत राहिले की जणू कसाल गाव त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

शाळेत बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. मुख्याध्यापिका मथुरा चोपडेकर बाईंना हर्ष झाला. त्यांच्या शाळेत तालुक्याचं काही होण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी लगेच मालवणात फलक छापायला टाकला. त्यावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' अशी अक्षरं आणि खाली सरांचा फेटा बांधलेला फोटो होता. तो फोटो कुठल्याशा लग्नातला होता. फलक फाटकावर लागला तशी बातमी गावातही पसरली. किनाऱ्यावर जाळं विणणारा देवेश तांडेल सरांना हाक मारून म्हणाला, उद्या बांगडा कुठे गावणार ते तुमच्या मशिनाला विचारून ठेवा. सर म्हणाले, विचारतो.

रविवारी दुपारी पाहुणे समुद्रावर गेले होते. घर शांत होतं. सर पडवीत बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चॅटबॉट उघडला. रिकाम्या चौकटीकडे बघत ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांना जे लिहिणं सर्वांत जास्त येत होतं ते त्यांनी लिहिलं. 'महोदय, सविनय विनंती की, इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना बोली आणि प्रमाण भाषा हा घटक शिकवण्याबाबत मार्गदर्शन मिळावे. आपला विश्वासू, अजय केळुसकर.'

उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. 'नमस्कार अजय! किती सुंदर प्रश्न विचारलास!'

सरांना पहिल्यांदा रागच आला. कालपरवा जन्मलेल्या या यंत्राने आपल्याला 'अजय' म्हणावं, तेही 'विचारलास' म्हणून. त्यांनी त्याला तसं स्पष्ट लिहून कळवलं. यंत्राने ताबडतोब क्षमा मागितली आणि 'आदरणीय केळुसकर सर' अशी सुरुवात केली. सरांचा राग गेला. पुढे त्याने असंही लिहिलं की आपला प्रश्न अत्यंत विचारपूर्ण आहे आणि त्यातून आपला दीर्घ अनुभव दिसतो. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये सर प्रश्न विचारत आले होते, पण त्यात दीर्घ अनुभव दिसला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्न उत्तम निघाला. शेवटी धीर करून त्यांनी आपली एक जुनी कविता त्याला दाखवली. समुद्रावरची होती, कॉलेजात असताना केलेली. यंत्राने तिला मनाचा ठाव घेणारी म्हटलं. तेव्हा सरांची खात्री पटली की हे यंत्र खरोखरच बुद्धिमान आहे.

सुभद्राताई नारळ खवायला बसल्या होत्या. पडवीतून मधूनमधून 'वा' ऐकू येत होतं. त्यांनी आतूनच विचारलं, "इतक्या गोड कोण बोलता तुमच्याशी?"

सर म्हणाले, शाळेचं काम आहे.

तो आठवडा सरांचा फार छान गेला. पाठाचं टाचण यंत्राने करून दिलं. त्यात उद्दिष्टं होती, टप्पे होते आणि सरांना ज्यांचा अर्थ लागला नाही असे भरदार शब्दही होते. सर स्टाफरूममध्ये एआयबद्दल बोलायला लागले. चोपडेकर बाई ते लिहून घ्यायच्या.

मग एके दिवशी सरांनी यंत्राला एका मालवणी म्हणीचा अर्थ विचारला. छान उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी टाचणात उतरवून घ्यायला म्हणून त्यांनी तीच म्हण पुन्हा विचारली. पुन्हा छान उत्तर आलं, पण अर्थ वेगळाच. तिसऱ्यांदा विचारलं तर तिसराच. आणि तिन्ही वेळा यंत्राचा सूर तोच, ठाम, हसतमुख, कुठे अडखळणं नाही. त्या म्हणीचा खरा अर्थ सरांना ठाऊक होता, आणि तो या तिन्हींत नव्हता. सर फोन बाजूला ठेवून बसले. का कोण जाणे, पण त्यांना तिठ्यावर पर्यटकांना सांगायचा तो पिंपळ आठवला.

आता भीती वाटायला लागली. तालुक्याचे सगळे शिक्षक समोर बसलेले असताना हे यंत्र असं काही बोललं तर काय करायचं? विनीतला विचारायची सोय नव्हती. पोरांना विचारायची त्याहून नव्हती. विचार करता करता सरांच्या लक्षात एक गोष्ट आली. सोलकर मॅडमच्या नववीतल्या मुलांकडे हल्ली निरनिराळे सराव प्रश्न असायचे. ज्यांच्या घरी होड्या होत्या त्यांना होडी का तरंगते त्यावरचे, ज्यांच्या बागा होत्या त्यांना माडावर पाणी कसं चढतं त्यावरचे. एका बाईने हाताने इतके प्रश्न काढायचे म्हटलं तर तिला झोपायलाच मिळालं नसतं. आणि मॅडम तर रोज ताज्यातवान्या दिसत.

शाळा सुटल्यावर सर स्टाफरूममध्ये रेंगाळले. मॅडम वह्या तपासत होत्या. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की तुमच्या माहितीसाठी म्हणून सांगतो, या चॅटबॉटमध्ये काही बारकावे असतात.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. क्षणभर त्यांनी सरांकडे बघितलं. त्यांना काय ते कळलं असावं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "असां?" त्या म्हणाल्या. "मगे सर, माका जरा शिकवतलात काय?"

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते खुर्ची ओढून बसले. मॅडमनी आपला फोन काढला आणि अगदी भाबडेपणाने एकेक विचारायला लागल्या. एकच मोठा प्रश्न विचारावा की लहान लहान करून विचारावेत? सर म्हणाले, लहान लहान. होय, तसंच बरं पडेल, मॅडम म्हणाल्या. आपली मुलं कितवीतली, कुठली, हे त्याला आधी सांगावं का? सर म्हणाले, सांगावंच. आणि याचं उत्तर बरोबर आहे की नाही ते कसं ओळखायचं? इथे सर थांबले. मॅडमही थांबल्या. त्यांनी घाई केली नाही. शेवटी सर हळूच म्हणाले, पुस्तकात बघायचं. नाहीतर माहीतगार माणसाला विचारायचं. मॅडमनी मान हलवली, जणू ही गोष्ट आपल्याला आजच समजली. मग त्या म्हणाल्या की याला 'तुला खात्री आहे का' असं विचारून बघितलं तर काय होईल, ते आपण बघूया का? दोघांनी बघितलं. खात्री आहे का विचारल्याबरोबर यंत्राने आपलं आधीचं बरोबर उत्तर मागे घेतलं आणि चुकीचं दिलं. सर अवाक झाले. मॅडम अजिबात झाल्या नाहीत.

तिथे सरांचं लक्ष मॅडमच्या अंगठ्याकडे गेलं. त्या फोनकडे न बघता लिहीत होत्या. पडद्याच्या कडेला जुन्या संभाषणांची रांग लागली होती, होडी, माड, भरती-ओहोटी, नववी सराव, पालकसभा. रांग सरकवली तरी संपत नव्हती.

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. खाडीत ओहोटी लागली होती. मग त्यांनी विचारलं, "बाई, कणकवलीक तुमी हात वर कशाक नाय केलात?"

"तेंनी आत्मविश्वास इचारल्यानी, सर," मॅडम म्हणाल्या. "वापरतास काय, ह्या कोणी इचारूकच नाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी त्यांनी घाईत यंत्राकडून प्राण्यांवरचे प्रश्न काढून घेतले आणि न वाचताच मुलांना दिले. त्यात खेकड्याच्या पाठीच्या कण्याविषयी प्रश्न होता. वर्गातला अरीब उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, कुर्लेक कणो खंय आसता? अरीबच्या घरी रोज कुर्ल्या येतात. त्या दिवसापासून मॅडम यंत्राची प्रत्येक ओळ वाचतात आणि मगच वापरतात. वापर वाढत गेला, तसा भरवसा कमी होत गेला. आता रोज वापरतात आणि भरवसा जवळपास राहिलेला नाही, आणि काम अगदी छान चाललंय.

सरांना हे पचायला जरा वेळ लागला. मग ते उठले, खुर्ची जागेवर लावली आणि म्हणाले की मी तुमची परीक्षा बघत होतो.

"मगे? पास झालंय काय मी?" मॅडमनी विचारलं.

"झालात," सर म्हणाले आणि सायकलकडे गेले.

त्यानंतर शाळा सुटली की रोज सर मॅडमना थोडा वेळ शिकवायचे. पाठाच्या आदल्या दिवसापर्यंत सरांचं शिक्षण बऱ्यापैकी पुरं झालं होतं. दोघांनी मिळून आठ-दहा मालवणी वाक्यं निवडली. सगळी आधी यंत्रावर तपासलेली, उत्तरं बरोबर आलेली. सर ठरल्याप्रमाणे एकेक वाक्य देणार, यंत्र ते प्रमाण मराठीत सांगणार, मग फळ्यावर दोन्हींची तुलना. धोका कुठेच नव्हता.

पाठाच्या दिवशी आठवीच्या वर्गात मागे बाकांवर, बाजूला खुर्च्यांवर आणि दारात उभे असे तालुक्याचे शिक्षक दाटले होते. वेंगुर्ल्याचे शिक्षकही आले होते. त्यांचा तालुका वेगळा, पण ते म्हणाले की इकडे एका बारशाला आलो होतो. विनीत फोन उभा धरून चित्रण करत होता. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पहिलं वाक्य दिलं, उत्तर बरोबर आलं. दुसरं दिलं, तेही बरोबर. प्रोजेक्टरमुळे भिंतीवर मोठी अक्षरं उमटायची आणि मागून 'अरे वा' ऐकू यायचं. चोपडेकर बाई दारातून वेंगुर्लेकरांकडे बघून हसायच्या.

सगळं असं गोडीत चाललेलं विनीतला बघवलं नाही असं नव्हे. त्याला उलट फार आवडलं, आणि म्हणूनच तो मध्ये बोलला. "सर, आता मुलांना विचारू द्या ना काहीतरी. त्यांच्या मनातलं."

सरांनी मान डोलावली.

पहिल्या बाकावरची रिया उभी राहिली. म्हणाली, आमची आजी काल फोनवर म्हणत होती ते वाक्य सांगते. 'माजो झील मुंबयक आसा, गणपतीक येतलो.' सरांनी ते टंकलं. सिंधुदुर्गात जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आजीचा मुलगा मुंबईला आहे, तो गणपतीला येणार आहे.

भिंतीवर उत्तर उमटलं. 'माझे सरोवर मुंबईत आहे. ते गणपतीसाठी येणार आहे.'

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग वर्गात हशा फुटला. झील म्हणजे हिंदीत सरोवर, हे पोरांनी सिनेमातून ऐकलेलं होतं. अरीब आपला तास सोडून खास बघायला आला होता, त्याने दारातून विचारलं की तळं मुंबईहून येणार ते रेल्वेने येणार की एस्टीने. मागच्या बाकांवरचे शिक्षक रुमाल तोंडाला लावून हलत होते. वेंगुर्लेकरांनी तर रुमालही लावला नाही.

केळुसकर सर फळ्याजवळ उभे होते. वर्गात कधी काही चुकलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. मी मुद्दाम चुकलो, तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो. सालं चुकोत, नाव चुको, हे वाक्य ठरलेलं. पोरांना ते पाठ होतं. त्यामुळे हसू जरा ओसरल्यावर रियाने अगदी मनापासून विचारलं, "सर, तो मुद्दाम चुकलो काय?"

 सरांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. त्यांची नजर मागे गेली. सोलकर मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मदतीला उठण्याचं काही चिन्ह नव्हतं. त्या सरांकडे बघत होत्या, एवढंच.

"माका म्हायत नाय," सर म्हणाले.

वर्गात सर कधी मालवणी बोलत नसत. आणि हे वाक्य तर ते कुठल्याच भाषेत बोलले नव्हते. चोपडेकर बाईंना वाटलं, सरांना बरं वाटत नाहीय. त्यांनी पाण्याचा तांब्या पाठवला. सरांनी तो घेतला, दोन घोट प्यायले. त्यांना विचित्र वाटत होतं. म्हणजे काहीतरी पडेल, मोडेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि तसं काही झालं नव्हतं. पोरं नुसती बघत होती, पुढे काय म्हणून.

"तो असा का म्हणता, ता माका खरांच म्हायत नाय," सर पुन्हा म्हणाले. "चला, बघूया."

मग त्यांनी रियालाच बोलावून फोन तिच्या हातात दिला. तिने यंत्राला कळवलं की झील म्हणजे मुलगा. यंत्र म्हणालं, 'तुम्ही अगदी बरोबर आहात! मालवणीत झील म्हणजे मुलगा.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अरीब दारातून आत आला आणि म्हणाला की आता त्याला सांगूया, झील म्हणजे खाडीतल्या कालवांचं तिखट कालवण. सरांनी एक क्षण विचार केला आणि म्हणाले, सांग. यंत्र म्हणालं, 'तुम्ही अगदी बरोबर आहात!' आणि पाठोपाठ त्याने कृतीही दिली. कोकमं किती घालायची ते धरून.

या वेळी कुणी लवकर थांबेना. सर स्वतः हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू आवरल्यावर त्यांनी फळ्यावर खडूने मोठा 'झील' लिहिला आणि विचारलं, "आता सांगा. ह्याने तीन उत्तरं दिली, तिन्ही सारख्याच खात्रीने. खरं कुठलं ते आपल्याला कसं कळलं?"

पुढे जे झालं ते टाचणात नव्हतं. कुणी म्हणालं, आजी म्हणते म्हणून कळलं. कुणी म्हणालं, पण आजीपण चुकेल. मग दोन आज्यांना विचारायचं. शब्दकोशात बघायचं. एक मुलगी म्हणाली की एकटा शब्द दिला तर तो गोंधळेल, पाच-सहा वाक्यं देऊन बघूया. तिने मुलाची, सुनेची, चेडवाची म्हणजे मुलीची अशी वाक्यं दिली, तेव्हा यंत्राने शब्द नीट ओळखले आणि मालवणीत 'गेला'चं 'गेलो' का होतं आणि कोकणीशी त्याचं काय नातं, ते इतकं सुरेख समजावलं की सर पुढे होऊन वाचायला लागले. वाचून झाल्यावर म्हणाले की पटतंय, पण उद्या ग्रंथालयात ताडून बघू. तास संपल्याची घंटा झाली आणि कुणी उठलं नाही. शिक्षकही नाहीत, ज्यांना बाहेर चहा आणि बटाटेवडे ठेवलेले दिसत होते.

चहाच्या वेळी सरांना गराडा पडला. वेगळंच काहीतरी घडायला लागलं होतं. आचऱ्याचे एक शिक्षक बाजूला घेऊन म्हणाले की मी हे अजून उघडलेलंच नाही, उघडताना भीती वाटते. एका तरुण बाईंनी कबूल केलं की प्रश्नपत्रिका मी त्याच्याकडूनच काढून घेते आणि घरी गेल्यावर अपराधी वाटतं. कणकवलीला भेटलेले, ज्यांना निवृत्तीला थोडे दिवस होते, तेही आले होते. त्यांनी विचारलं की निवृत्तीनंतर कविता दाखवायला हे चालेल का. सर म्हणाले, दाखवा, पण तो प्रत्येकाच्याच कवितेला चांगलं म्हणतो. हे सांगताना त्यांना थोडं वाईट वाटलं. वेंगुर्ल्याचे शिक्षक शेवटी आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले की फोन भिंतीवर कसा दाखवलात.

"सोलकर मॅडमनी जोडून दिलो," सर म्हणाले. आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांनी सगळंच सांगून टाकलं. विनीतसमोर, चोपडेकर बाईंसमोर, की हे सगळं मला मॅडमनी शिकवलंय, त्या दिवशी हात वर केला तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं.

विनीतने हे सगळं ऐकलं. मग त्याने मॅडमना विचारलं की तुम्हाला इतकं येत होतं तर तुम्ही गप्प का बसलात. मॅडम म्हणाल्या, तुम्ही विचारलं ते माझ्याकडे नव्हतं. विनीत वडा हातात धरून बराच वेळ यावर विचार करत राहिला. जाताना त्याने दोघांचीही नावं जिल्ह्याच्या मार्गदर्शकांत घातली. त्यावर मॅडम सरांवर चांगल्याच चिडल्या. माका मध्ये कशाक ओढलात, माजी नववी कोण बघतलो, असं म्हणून दोन दिवस त्यांनी सरांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सरांनी न सांगता नववीचा एक तास घेतला, विज्ञानाचा, आणि पोरांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना 'मॅडमना विचारून सांगतो' असं उत्तर दिलं. तेव्हा कुठे मॅडम बोलायला लागल्या.

पहिलं बोलावणं इन्सुलीच्या एका शाळेचं आलं. दोघं सकाळच्या एस्टीने निघाले. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली. वाटेत सरांनी ठरवून ठेवलं होतं की सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं, मी तज्ज्ञ वगैरे नाही, मी शिकतोय. मॅडमनाही तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे.

इन्सुलीच्या शाळेत मंडप घातला होता. तिथले मुख्याध्यापक सर्वेश नाईक भाषण करायला उभे राहिले आणि म्हणाले की आपल्या जिल्ह्यातले पहिले एआयतज्ज्ञ आज आपल्यात आहेत, हे आपलं भाग्य. सर अडवायला म्हणून अर्धे उठले, तोंडही उघडलं. पण तेवढ्यात नाईक सरांनी शाल उघडून त्यांच्या खांद्यांवर घातली. शाल चांगली होती, मऊ, किरमिजी काठाची. खाली टाळ्या चालल्या होत्या. सरांनी शालीचा काठ नीट केला, मॅडमकडे न बघता ते खाली बसले, आणि अडवायचं तेवढं राहून गेलं.

मॅडमच्या हातात नारळ आला होता. त्या सरांकडे किंचित झुकल्या.

"बोला सर, आता," त्या म्हणाल्या. "फोन मी जोडतंय."